घरचा विनोद

नवी मुंबईत वाशी येथे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते बाहेरून पाहिले असेल. काहींनी आत बसून एखादे नाटकही पाहिले असेल. परंतु हे विष्णुदास भावे कोण, असा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. सांगलीस १८४३ साली त्यांनी ‘सीता स्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, असे मानतात. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो.

भावे यांच्या नाटकांची एक गंमत अशी की, सूत्रधाराचे मंगलाचरण आटोपले की कथानकास आरंभ होण्यापूर्वीच रंगभूमीवर विदूषक येत असे. सूत्रधार जितका गंभीर, तितका हा वेडाविद्रा. सूत्रधाराने एक विचारावे आणि याने भलतेच उत्तर द्यावे, असा तो प्रकार. विशेष म्हणजे या नाटकांतील पदे तेवढी रचलेली असत. गद्य भाषणे नटांनी आयत्या वेळी मनाने करावयाची असत. त्यामुळे विदूषकाच्या हातात कागद नव्हता. समोर प्रेक्षक बसलेले, दिवट्यांचा उजेड तोंडावर, आणि लोकांना हसविण्याचे काम एकट्याच्या शिरावर! हल्ली ध्वनिक्षेपकापुढे एकटा माणूस उभा राहतो आणि आपलेच विनोद आपण सांगतो. त्याला ‘स्टँडअप कॉमेडी’ म्हणतात आणि ही कला परदेशातून आली असे समजतात. नाव परदेशी आहे खरे. पण हे काम आपल्याकडे फार जुने आहे.

कीर्तनकार बुवा निरूपणात मध्येच एखादी गमतीची गोष्ट सांगून पेंगणाऱ्या श्रोत्यांना जागे करतात. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, ती सोंगे आणून, लोकांना हसवीत सादर करण्यासाठीच. तमाशातला सोंगाड्या तर त्या त्या गावातल्या ताज्या भानगडी संध्याकाळीच विचारून घेई आणि रात्री बतावणीत त्यांचाच विनोद करी. कालच्या गावचा विनोद आजच्या गावी शिळा होतो, हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते. लोक हसले नाहीत की ते त्याचे त्यालाच कळे!

पुढे लिहिणारा आणि सादर करणारा एकच, असेही कलावंत झाले. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली निघाले. १९६१ पासून त्यांनी ती चाळ एकट्याने रंगभूमीवर उभी केली. त्याच सुमारास द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे लेखक गावोगाव जाऊन आपल्या कथा आपणच सांगू लागले. नंतरच्या काळात औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग स्वतः लिहिला आणि त्यातली बावन्न पात्रे एकट्याने रंगविली. बायका, मुले, म्हातारे सारे तेच. त्यांचे बोलणे मराठवाड्यातल्या खेड्याचे. ते ऐकून मुंबई-पुण्याचे लोक पोट धरून हसत. पण मराठवाड्यातले लोकही तितकेच हसत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या बोलीची कोणी टर उडवीत आहे, असे त्यांना वाटले नाही.

आता आपल्याकडे वळू. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की काही मुले माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “सर, आम्हांला विनोद सांगायचे आहेत.” मी म्हणतो, “सांगा.” मग ती एक वही उघडतात. त्या वहीत मास्तर आणि बंडू असतात, डॉक्टर आणि रोगी असतात, नवरा आणि बायको असतात. हे विनोद मी लहान असताना माझ्या वहीत होते आणि माझे वडील लहान असताना बहुधा त्यांच्याही वहीत असावेत. बंडू अजून त्याच इयत्तेत आहे! असा उसना विनोद सांगणे पाप नव्हे. परंतु त्यात एक अडचण आहे. ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. आणि शेवट ठाऊक असला की हसू येत नाही.

ते का, हे थोडे समजून घेऊ. आपण एखादे वाक्य ऐकतो तेव्हा मन त्याच्या पुढे पुढे धावत असते. आता हा काय सांगणार, याचा ते अंदाज बांधते. सांगणारा त्या वाटेने थोडा वेळ नीट नेतो आणि एकाएकी दुसरीकडेच वळतो. मनाचा अंदाज चुकतो. पण त्याच क्षणी असे दिसते की, ही दुसरी वाटही खरीच होती, ती आपल्याला दिसली नव्हती एवढेच. तेव्हा हसू फुटते. या वळणाला कलाटणी म्हणावे. कलाटणी नुसती विचित्र असून भागत नाही. ती खरीही वाटावी लागते. रस्त्यातून एकदम हत्ती उडाला असे म्हटल्याने कोणी हसत नाही. पाहुण्यांसमोर ‘आमच्याकडे कोणी गोड खात नाही’ असे आईने म्हणावे आणि नेमक्या त्याच वेळी धाकट्या भावाने डब्यातला शेवटचा लाडू तोंडात टाकलेला दिसावा, यावर मात्र सारे घर हसते.

म्हणून विनोद शोधावयाचा तो घरात, जिन्यात, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या मधल्या सुटीत. त्यासाठी एक लहानशी वही जवळ बाळगावी. काही विनोदी दिसले की ते टिपावे, असे मी सांगत नाही. कारण विनोदी असे लेबल लावून काही समोर येत नाही. ज्याचा राग आला, ज्याची लाज वाटली, जे कळलेच नाही, ते टिपावे. विनोद बहुधा तेथेच दडलेला असतो.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मला असाच एक प्रसंग लिहून दाखविला. ती ऐरोलीस सेक्टर आठमध्ये राहते. तिचे मामा साताऱ्याहून प्रथमच त्यांच्याकडे आले होते. आता नवी मुंबईची रचना तुम्हांला माहीत आहेच. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे शहर कागदावर आखून मग जमिनीवर वसविले. त्यातल्या उपनगरांचे सेक्टर पाडले आणि सेक्टरांना क्रमांक दिले. वाशीलाही सेक्टर आठ आहे, नेरूळलाही आहे, बेलापूरलाही आहे. मामांच्या चिठ्ठीवर सेक्टर आठ होते, इमारतीचे नाव होते, खोलीचा क्रमांक होता. मात्र ऐरोली हा शब्द नव्हता. पुढे काय झाले असेल ते तुम्ही ताडले असेलच.

तिने पहिल्या खेपेस लिहिले ते असे: “माझे मामा गावाकडचे असल्यामुळे त्यांना शहरातले काही कळत नाही. ते एकदा आमच्याकडे आले तेव्हा ते वाशीला गेले, मग नेरूळला गेले आणि मग खूप उशिरा आमच्याकडे आले. त्यांची अशी फजिती झाली की आम्ही सगळे हसून हसून लोटपोट झालो.”

मी तिला म्हटले, “तू हसलीस, हे तू मला सांगितलेस. मला हसविले मात्र नाहीस.”

विनोद लिहिताना नवशिक्यांच्या हातून जितक्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक या तीन वाक्यांत आहेत. सांगणारीने आपले हसू आधीच वाटून टाकले. ‘फजिती’ हा शब्द वापरून पुढे काय होणार ते फोडले. वाशीत काय घडले, नेरूळला काय घडले, मामा शेवटी काय म्हणाले, यांपैकी काहीच आपल्याला दिसत नाही. आणि विनोद तर दिसावा लागतो. तिला मी एवढेच विचारले, “मामा घरी आले तेव्हा पहिले वाक्य काय बोलले?” ती थोडा वेळ थांबली आणि आठवून हसू लागली. मग तिने ते सांगितले. ते वाक्य तिने लिहिलेच नव्हते!

परंतु या लेखनात आणखी एक गोष्ट होती. ती दाखविण्यापूर्वी मला माझीच एक हकिकत सांगणे भाग आहे. मी सातवीत असताना स्नेहसंमेलनात नकला केल्या होत्या. आमच्या वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. मी त्याची नक्कल केली. तो फळ्यासमोर उभा राहून कविता म्हणत आहे, अशी. सभागृह हसून दणाणले. तिसऱ्या रांगेत तोही बसला होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता. मला वाटले, त्यालाही मजा आली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात कोणी वाचावयाचे असे गुरुजींनी विचारले की, तो हात वर करीनासा झाला. त्यापूर्वी तो रोज हात वर करी. अडखळे, पण वाचे. वर्ष संपेपर्यंत त्याचा आवाज आम्ही पुन्हा ऐकला नाही. त्या दिवशी मिळालेल्या टाळ्या मला अजून आठवतात, आणि त्या आठवल्या की बरे वाटत नाही.

चार्ली चॅप्लिन या जगप्रसिद्ध नटाने आपल्या आत्मचरित्रात बालपणाचा एक प्रसंग लिहिला आहे. त्याची आई गायिका होती. इंग्लंडमधील ऑल्डरशॉट येथे एकदा गाता गाता तिचा आवाज फाटला. प्रेक्षक ओरडू लागले आणि तिला आत यावे लागले. तेव्हा पाच वर्षांच्या चार्लीला व्यवस्थापकाने रंगमंचावर नेऊन उभे केले. तो गाऊ लागताच लोकांनी पैसे फेकले. त्याने गाणे थांबविले आणि आधी हे पैसे गोळा करतो, मग गातो, असे सरळ सांगून टाकले. लोक खदखदून हसले. हा त्याचा पहिला विनोद. आणि त्यात कसलाही आव नव्हता, म्हणून तो उत्तम. परंतु त्याच रात्री त्याने काही मनात न आणता आईच्या फाटलेल्या आवाजाचीही नक्कल केली. त्यावरही लोक हसले. पोराचे मन निष्पाप होते, यात शंका नाही. तरी हे दोन हशे मला सारखे वाटत नाहीत. पहिल्यात तो स्वतः सापडला होता. दुसऱ्यात आई सापडली होती, आणि तिला त्या वेळी उत्तर देता येत नव्हते.

मुंबईचे सुप्रसिद्ध विनोदी नट जॉनी लिव्हर हे पूर्वी हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होते. कंपनीच्या एका समारंभात त्यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या, आणि तेव्हापासून सहकारी त्यांना ‘लिव्हर’ म्हणू लागले. साहेबाची नक्कल कामगाराने केली तर साहेबाचे काही जात नाही. साहेबाने कामगाराची केली असती तर? एकच कला, पण तिचे रूप किती पालटते, पाहा.

म्हणून मी त्या मुलीला म्हटले, “तुझ्या लिहिण्यात आपण कोणाला हसावयाचे आहे?”

“मामांना.”

“चूक मामांची होती काय?”

तिने विचार केला. “नाही. चिठ्ठी मीच लिहिली होती. ऐरोली लिहायचे मीच विसरले. आणि सर, सगळ्या उपनगरांत तेच तेच क्रमांक द्यायचे, हेसुद्धा जरा विचित्रच नाही का?”

येथे तिला विनोदाची खरी जागा सापडली. चार दिवसांनी तिने दुसरा मजकूर आणला. त्यात मामांना काही कळत नाही, हे वाक्य नव्हते. तो असा होता:

“आमच्या शहरात घरे हरवू नयेत म्हणून त्यांना क्रमांक दिले आहेत. आमचा सेक्टर आठ. मामा साताऱ्याहून येणार होते. मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली. अक्षराबद्दल मला शाळेत बक्षीस आहे. गावाचे नाव तेवढे राहिले. मामा सकाळी वाशीच्या सेक्टर आठमध्ये गेले. तिथल्या आजींनी चहा दिला. दुपारी नेरूळच्या सेक्टर आठमध्ये गेले. तिथल्या काकूंनी चहा दिला. रात्री नऊ वाजता आमच्या दारात आले. आई म्हणाली, ‘दादा, चहा टाकू का?’ मामा म्हणाले, ‘नको गं, सेक्टर आठमध्ये झाला.’ आई म्हणाली, ‘अरे, सेक्टर आठ तर हाच!’ मामा म्हणाले, ‘मग इथेच झाला असेल.’”

आता पाहा. वाक्ये आखूड झाली. वाशी आणि नेरूळ ही दोन्ही ठिकाणे एकाच ठेक्यात आली, त्यामुळे तिसऱ्या ठिकाणीही चहाच येणार असे आपल्याला वाटू लागते. आणि तेथेच मामा नको म्हणतात. अक्षराच्या बक्षिसाचे वाक्य वरवर निरुपयोगी दिसते. पण त्यानेच लिहिणारी स्वतः हास्यास्पद होते. आणि शेवटचे वाक्य संपले की त्यापुढे एक अक्षरही नाही. ‘असे म्हणून मामा हसले’ हे तिने आधी लिहिले होते. ते मी खोडले. कलाटणीनंतर शेपूट ठेवू नये. मामा तर पार पालटले. पहिल्या मजकुरात ते अडाणी होते. या मजकुरात दिवसभर दमूनही एका वाक्यात सगळ्यांना गप्प करणारे तेच आहेत. विशेष म्हणजे प्रत्यक्षातही ते तसेच होते.

लिहून झाले, तरी अर्धेच काम झाले. सांगण्याची तालीम आरशासमोर करून भागत नाही. आरसा कधी हसत नाही आणि कधी कंटाळतही नाही. दोन-तीन मैत्रिणींना सांगावे आणि त्या कोठे हसल्या, कोठे इकडेतिकडे पाहू लागल्या, याकडे लक्ष ठेवावे. जेथे कंटाळल्या तेथे मजकूर छाटावा. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. मैत्रिणी छानच म्हणतात.

या मुलीची अडचण वेगळी होती. ती भरभर बोले. ‘सेक्टर तर हाच’ आणि ‘मग इथेच झाला असेल’ या दोन वाक्यांत तिला श्वासही घेववत नसे. मामा त्या ठिकाणी काय करीत असतील, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “विचार करीत असतील.” मग तूही कर, असे मी सांगितले. मनातल्या मनात दोन अंक मोजावयाचे आणि मगच शेवटचे वाक्य म्हणावयाचे, असे आमचे ठरले. ते दोन अंक फार मोठे वाटतात. समोर सारे गप्प असतात. आपण विसरलो असे लोकांना वाटेल, अशी भीती वाटते. परंतु त्या शांततेतच ऐकणारे पुढचा अंदाज बांधीत असतात. तेवढा अवकाश त्यांना दिला नाही, तर चुकावयाला अंदाजच उरत नाही. तसेच लोक हसू लागले की आपण थांबावे. हशावर बोलले तर पुढचे वाक्य बुडते. आणि स्वतः आधी हसू नये.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपकाने प्रथम एक किंकाळी मारली. त्यामुळे तिचे पहिले वाक्य कोणालाच ऐकू गेले नाही. ‘अक्षराबद्दल मला शाळेत बक्षीस आहे’ येथे हसू येईल अशी आमची खात्री होती. कोणीही हसले नाही. ती जरा पांढरी पडली. मी पडद्याआड उभा होतो. काही करणे माझ्या हाती नव्हते. सभागृहातली ती शांतता ज्याने अनुभविली आहे त्यालाच ती कळेल. ती मात्र पुढे बोलत राहिली. वाशीचा चहा झाला, नेरूळचा चहा झाला, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. शेवटी ती थांबली. तिचे ओठ किंचित हलले. ती मोजीत होती. मग तिने ते वाक्य म्हटले.

हशा ओसरण्यास बराच वेळ लागला. चौथ्या रांगेत साताऱ्याचे मामाही बसले होते. या खेपेस चिठ्ठीवर शाळेचे नाव, रस्ता आणि ऐरोली हे सारे लिहिलेले होते. कार्यक्रम संपल्यावर ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, “पोरी, सगळं बरोबर सांगितलंस. एक तेवढं राहिलं. नेरूळच्या काकूंनी चहाबरोबर पोहेही दिले होते, आणि जाताना म्हणाल्या, ‘पुन्हा या.’”

तिने लगेच वही काढली आणि ते लिहून घेतले.